जोडून असो वा नसो

सोमवार, ५ जानेवारी

सव्वानऊला दादाचा फोन. ऑफिसचं कुलूप नुकतं उघडलं होतं.

"शैले, उंबरटेपावर खांब आलंत. शिमिटाचं. टेम्पोतून उतरवलं नि गेलं."

किती म्हटलं तर, "मोजलं नाय. लय हायत."

म्हणजे आता कुंपण. टेप गेला तर आमच्या गावात राब कशाचा करायचा, रोपाची जागा भाजायची कशानं? खाली ओहोळ, ओहोळाच्या अलीकडं भातखाचरं. खाचरं सात घरांच्या नावावर, आजोबांच्या वेळी कूळ म्हणून लागली. ओहोळापलीकडचा उंचावरचा टेप मात्र राहून गेला. सातबाऱ्यावर जुन्या मालकाचे वारस, ते कल्याणला. त्यांनी तो प्लॉट पाडणाऱ्या पार्टीला देऊन टाकला. पण कवळाच्या हिरव्या डहाळ्या तिथल्या, पातेऱ्याचा वाळका पाला तिथला, गवत तिथलं, वरी-नाचणीही तिथंच. राब भाजला नाही तर रोप नाही, रोप नाही तर भाताची आवणी नाही. हे धसईच्या बाजारात कुणालाही विचारा.

सातही घरांचा अर्ज मुरबाडला तहसीलदारांकडं आहे, पावसाळ्यापासून. वकील आमचे निमसेसाहेब. मी त्यांची टायपिस्ट, चोवीस वर्षं. म्हणून माहेरी मला वकीलच समजतात.

दादाला म्हटलं, खांबांना हात लावू नका. फोटो काढून पाठव. काढला. अंगठ्यासकट.

बुधवार, ७ जानेवारी

म्हशाची जत्रा चालू, निम्मं कोर्ट तिकडं. नि.सा. निवांत होते. समोरच्या वकिलांचं लेखी म्हणणं आलंय, ते मोठ्यानं वाचायला लावलं. त्यांचं वाचन नेहमी माझ्या तोंडून.

मुद्दा एकच, पण नेमका. कुळांच्या कायद्यात 'शेती' म्हणजे काय, त्याची व्याख्या आहे. राबासाठी वापरलेली जमीनसुद्धा त्यात शेतीच धरलीय, भातजमिनीला 'जोडून असो वा नसो'. आम्ही त्याच चार शब्दांवर उभे. आमचा टेप खाचरांना जोडून नाही, मधे ओहोळ आहे. समोरचे म्हणतात, हे चार शब्द कायद्यात मागाहून घुसवले. कुळांचे हक्क ज्या दिवशी ठरले त्या दिवशी ते नव्हतेच. म्हणजे तेव्हा जोडलेलीच जमीन शेती, टेप नुसता डोंगर.

नि.सा. चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "शैलाबाई, हे खरं असलं तर आपल्याला आधी कळायला पाहिजे. शब्द कधी आला, कुणी आणला, का आणला. पूर्वी मी यासाठी चार-चार दिवस मुंबईला लायब्ररीत बसायचो. आता गुडघे नाहीत. तुमची ती साइट आहे ना?"

माझी कसली. जुनी विधेयकं, सभागृहातल्या चर्चा, राजपत्रं, सगळं स्कॅन करून ठेवलंय. गेल्या वर्षी एका भाडेकरूच्या दाव्यात थोडी चाचपली होती.

म्हटलं, बघते. आठ दिवसांत देते.

आठ दिवस कशाला म्हणाले मी? तोंड फार चालतं.

शुक्रवार, ९ जानेवारी

पहिला दिवस. फजिती.

शोधायच्या खिडकीत इंग्रजीतून राब टाकलं. आर, ए, बी. हजारोंनी उत्तरं. खुशीत उघडलं पहिलं पान. अरबी समुद्र. दुसरं, कुणी परब. पुढं बघते तर पानापानावर पिवळं. ऑनरेबल! प्रत्येक सभासद ऑनरेबल, आणि प्रत्येक ऑनरेबलच्या पोटात राब.

एकटीच हसत बसले. नि.सा. आतून, "काय झालं?" सांगितलं. तेही हसले. म्हणाले, "निदान कुणाच्या पोटात तरी आहे."

ह्यांची दाढ दुखते. डेपोतून लवकर आले. मऊ भात.

रविवार, ११ जानेवारी

आज ऑफिसात एकटी, सकाळी सात ते एक. रस्ता सापडला. लिहून ठेवते, पुन्हा लागेल.

शब्द शोधत बसायचं नाही. कायदा हातात धरून मागं-मागं जायचं. आजच्या कायद्याचं पान घ्यायचं. ज्या शब्दांना कंस आणि बारीक आकडा असतो, त्यांची तळटीप बघायची. तळटीप सांगते अमुक दुरुस्ती कायद्यानं हे शब्द आले. तो दुरुस्ती कायदा काढायचा. तो कोणत्या विधेयकातून झाला ते काढायचं. विधेयकाच्या शेवटी उद्देश आणि कारणं. मग ते सभागृहात कोणत्या दिवशी आलं, ते कामकाजाच्या सूचीत. मग त्या दिवसाची चर्चा. सात पायऱ्या. चाळ बांधून नाचायची गरज नाही, एकेक पायरी उतरायची.

चौथ्या पायरीला उत्तर मिळालं. समोरचे खरं बोलतायत.

शब्द मागाहून आले. हक्क ठरण्याचा दिवस आधी, दुरुस्ती नंतर. तीनदा तपासलं. तारखा जशाच्या तशा.

घरी येऊन भाकऱ्या थापल्या. तीन करपल्या.

सोमवार, १२ जानेवारी

नि.सां.ना प्रिंट दिली. स्क्रीनवर वाचलेलं त्यांना खोटं वाटतं. दोनदा वाचली.

वाटलं होतं चेहरा पडेल. नाही पडला.

"कधी आला ते कळलं. आता का आला? शब्द दोन कारणांनी येतो, शैलाबाई. एक, नवीन हक्क द्यायचा म्हणून. मग तो पुढं चालतो, मागं नाही. दुसरं, पहिल्यापासून होतंच, लोक शंका काढतात म्हणून स्पष्ट केलं. मग तो मुळापासून होता असं धरतात. आपला कोणता?"

मी म्हटलं, उद्देश आणि कारणं यात ह्या शब्दांबद्दल चकार शब्द नाही. इतर मोठ्या गोष्टी आहेत, शेवटी 'काही किरकोळ दुरुस्त्या'. आम्ही किरकोळात.

"मग चर्चा वाचा. किरकोळ गोष्टीवरच कुणी गावाकडचा माणूस उठून बोलतो."

मला हे वाक्य आवडलं.

शनिवार, १७ जानेवारी

चर्चा तीन दिवस चालली होती. जाड खंड. त्या काळी सभागृहात कुणी मराठीत, कुणी गुजरातीत, कुणी कानडीत, मंत्री बहुधा इंग्रजीत, आणि छापलंयही तसंच. पानं फिकट, काही तिरकी. गुजराती मी सोडून देते. (सोडून द्यावं का? बघू.)

मराठीत 'राब' टाकलं त्या खंडात. शून्य.

'वरकस', डोंगरउताराची जमीन, टाकलं. दोन, पण दुसऱ्याच कलमावर.

'कवळ'. शून्य.

डोळ्यांनी वाचायचं म्हटलं तर पान उघडायला एक मिनिट लागतं. दुपारी तर साइट बसकण मारते. सकाळी बरी. रोज साडेसातला येऊन दीड तास वाचायचं ठरवलं.

आठाचे दहा दिवस झाले.

रविवार, २५ जानेवारी

गावी. इथून, शहापूरहून, किन्हवलीवरून मुरबाडची गाडी, तिथून धसई. दादा मोटरसायकल घेऊन उभा.

टेपावर गेलो. खांब अजून आडवेच पडलेत, चुन्यानं रेघ मात्र आखलीय. रेघ ऐनाच्या झाडांमधून सरळ गेलीय. वहिनी कवळाचे भारे बांधत होती. रेघेवर पाय देऊन उभी राहिली आणि म्हणाली, "ह्याच्या पल्याड जायाचं नाय म्हणं. पल्याडच तर सगला पाला हाय."

नाना ओटीवर होते. नाना म्हणजे बाबांचे चुलतभाऊ, शेजारचं घर. पंच्याहत्तरी गाठली. त्यांना सांगितलं, मी जुन्या चर्चा शोधतेय.

"कुठं?"

"कंप्युटरवर."

"कंप्युटरवर का राब उगावतो?"

सगळे हसले. मीही. मग त्यांना समजावलं, कायदा करताना कोण काय बोललं ते लिहून ठेवलेलं असतं. नाना विचारात पडले. "म्हंजे आमदार बोलला तं लिवून ठेवतात? आनि मंग पुढं काय करतात त्याचं?"

"ठेवतात."

"ठेवतात," नाना म्हणाले. आणि बिडी शोधायला लागले.

परतताना दादा फाट्यावर म्हणाला, "सापडंल ना गो?" सापडेल म्हटलं. खात्रीनं म्हटलं. का ते माहीत नाही, पण खात्री होती.

मंगळवार, २७ जानेवारी

सापडलं!! आधी कसं ते लिहिते.

सकाळी वेगळंच काम. एका वाटणीच्या दाव्यात जुनं खरेदीखत आलं होतं, फिकट कार्बन प्रत. पोरं वापरतात त्या ॲपनं फोटोवरून अक्षरं काढली, टायपिंग वाचावं म्हणून. मग ताडून बघायला बसले तर 'परब'चं सगळीकडं 'परव'. ब च्या पोटातली तिरकी रेघ फिकट छापली की मशीनला दिसत नाही. ब चा व होतो.

हातातला कागद तसाच राहिला.

राब नाही. राव!

साइट उघडली, 'राव' टाकलं. धो धो. साहजिकच. त्या सभागृहात निम्मे लोक राव होते. माधवराव, बळवंतराव, अमुकराव. इंग्रजीत ऑनरेबल, मराठीत राव. पण राव कुणी भाजत नाही. 'राव भाज' टाकलं.

दोन उत्तरं. पहिलं, दोन शब्द योगायोगानं शेजारी. दुसरं आपलं.

चोवीस वर्षं चुका ओळखायचा धंदा केला, त्याचं आज सार्थक. खुर्चीतून उठून नि.सां.च्या केबिनपर्यंत गेले तेव्हा चप्पल घालायची राहिली होती.

बुधवार, २८ जानेवारी

काल फार घाईत लिहिलं. नीट लिहिते.

बोलणारे सभासद आमच्याच बाजूचे असावेत, बोलण्यावरून कळतं. मराठीत बोललेत. मतलब असा की, कायदा लिहिणाऱ्यांनी राब भाजलेला नाही. भात सखल जागी, पाला उंचावर, मधे ओहोळ असणारच. कागद घेऊन येणारा कारकून जमीन जमिनीला चिकटलीय का ते बघतो, राब कुठून येतो ते बघत नाही. त्यामुळं कुळांना खाचर मिळतं आणि राबाची जागा मालकाकडंच राहते.

वाचताना वहिनीच बोलतेय असं वाटलं.

मग मंत्री उत्तराला उठतात. पानाच्या तळाशी फक्त पहिलं वाक्य, सन्माननीय सभासदांचा मुद्दा रास्त आहे वगैरे. पुढचं पान उघडलं. तेच पान पुन्हा. त्याच्या पुढचं उघडलं तर विषय दुसराच. एक पान दोनदा स्कॅन झालंय, आणि मधलं राहिलंय.

नि.सा. पहिल्यांदाच हळहळले. "सभासद काय बोलला ते गौण आहे. मंत्री काय बोलला ते पाहिजे. विधेयक त्याचं."

सोमवार, २ फेब्रुवारी

साइटवर दिलेल्या नंबरवर फोन केला होता. आज एका बाईंशी बोलणं झालं. आवाजावरून माझ्याच वयाच्या. पान-खंड सगळं लिहून घेतलं. म्हणाल्या, मूळ खंड बांधणीला गेलाय, यायला वेळ लागेल. सुनावणी कधी म्हणून विचारलं. सव्वीस फेब्रुवारी म्हटलं तर, "अवघड आहे हो ताई." मग, "तुम्ही फक्त विधानसभेचंच बघितलं का?"

डोक्यात उजेड! विधेयक दोन्ही सभागृहांत जातं. वरच्या सभागृहातही ते मांडलं असणार, मंत्री तेच, शंका तीच. सात पायऱ्या म्हणत होते, आठवी पायरी मीच विसरले.

बाईंचं नाव विचारायचं राहिलं.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

वरच्या सभागृहाची चर्चा लहान. इंग्रजीत. सकाळी साडेसातला उघडली, सव्वाआठला मंत्र्यांचं उत्तर हातात. पूर्ण. दोन्ही पानं धड.

शब्दकोश घेऊन दोनदा वाचलं. आशय असा. पहिला भाग: राबाची जमीन शेतीतच धरायची हाच सरकारचा हेतू पहिल्यापासून होता, शंका निघाल्या म्हणून शब्द स्पष्ट केलेत, नवीन काही दिलेलं नाही. हेच पाहिजे होतं. नि.सां.चं दुसरं कारण, जसंच्या तसं.

दुसरा भाग त्याच परिच्छेदात, लगेच पुढं: मात्र ज्यांचे निकाल आधीच लागून गेलेत, ती प्रकरणं ह्या शब्दांमुळं पुन्हा उघडणार नाहीत.

तिथं थांबले.

कारण आपल्या अर्जात एक ओळ आहे, मीच टाइप केलेली. सातातल्या दोन घरांनी त्या काळातच टेपासाठी अर्ज केला होता आणि तो नामंजूर झाला होता. एक घर नानांचं. दुसरं आमचं. बाबांच्या सहीचा अर्ज.

पाच घरांना तारणारं पान तेच. दोन घरांना बुडवणारंही तेच.

अजून कुणाला सांगितलेलं नाही. प्रिंट दप्तरात.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

कालचा दिवस मी ती प्रिंट दप्तरातच ठेवली. हे इथं लिहून ठेवते. एक अख्खा दिवस. नि.सां.नी विचारलं, काही मिळालं? म्हटलं, वाचतेय.

मनात काय आलं तेही लिहिते. परिच्छेदाचा पहिला भागच टाइप करून द्यायचा. शेवटी तीन टिंबं. कोण बघतंय? साइट सगळ्यांना उघडी आहे, पण ती सगळ्यांना वापरता कुठं येते.

आज सकाळी दिली. पूर्ण.

नि.सां.नी वाचली, मग अर्ज काढून ती ओळ बघितली, मग माझ्याकडं बघितलं. "कधी मिळाली?"

"काल."

"हं." इतकंच. मग म्हणाले, "अर्धं पान देणारा वकील एकदाच जिंकतो, शैलाबाई. पूर्ण पान द्यायचं. आणि पूर्ण पान दिल्यावर त्या दोन घरांसाठी भांडायचं." चहा मागवला. माझ्यासाठीही.

रविवार, ८ फेब्रुवारी

दादाला फोनवर सांगायचं नव्हतं, म्हणून गेले. वहिनी, दादा, नाना ओटीवर. सगळं सांगितलं. दोनदा सांगावं लागलं.

दादानं बोटांवर घरं मोजली. मग, "म्हंजे पाच घरांचं व्हईल. आपलं नाय."

"होणार नाही असं नाही. अवघड आहे."

"तू शोधलंस म्हून सापडलं. नसतं शोधलं तर?"

"तर सातही घरं गेली असती, दादा. त्यांचा मुद्दा बिनतोड होता."

"पन ते खालचं द्यायाचं कशाला? वरचं दे. तुजं माहेर ना गो हे?"

उत्तर होतं. समोरचे कधीतरी काढतील, मग पाच घरांचंही जाईल, साहेबांचं नाव जाईल. हे सगळं बोलले. खरं होतं सगळं. पण दादानं जे विचारलं त्याचं हे उत्तर नव्हतं, हे मलाही कळत होतं.

तो उठून गोठ्यात गेला. फाट्यावर सोडायला आला नाही. वहिनीनं पुतण्याच्या मोटरसायकलवर बसवून दिलं, पिशवीत वालाच्या शेंगा.

नाना तेवढे म्हणाले, "त्या पाच घरांत माझी लेक दिलीय. तिचं तरी व्हईल." आणि, "मंत्री तसा बराच बोलला म्हनायचा. शेवटाला जीभ आवरली असती तर."

गुरुवार, १९ फेब्रुवारी

दादाचा फोन नाही. मीही केला नाही.

युक्तिवादाची टिपणं टाइप. दोन घरांसाठी नि.सां.चा मुद्दा: निकाल लागला म्हणजे काय? अर्ज का नामंजूर झाला ते बघायला पाहिजे. राबाची जमीन शेती नव्हे असं तपासून ठरवलं असेल तर तो निकाल. पण हजर नव्हते म्हणून, किंवा मुदतीत आला नाही म्हणून नुसता दप्तरी लावला असेल, तर प्रश्न ठरवलाच नाही. मग मंत्र्याचं ते वाक्य ह्यांना लागूच होत नाही.

"आणि का नामंजूर झाला?" मी विचारलं.

"कुणाला ठाऊक? आदेशाची प्रत तुमच्या बाबांकडं असेल तर असेल."

बाबांकडं नव्हती. बाबा जाऊन नऊ वर्षं. ते ह्या अर्जाबद्दल कधी बोललेच नाहीत. आता वाटतं, त्यांनी हा अर्ज एकदा केला, हरले, आणि घरी येऊन गप्प राहून राब भाजत राहिले. पन्नास-साठ वर्षं.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

मुरबाड. अकराची वेळ, पुकारा पावणेदोनला.

नि.सा. उभे राहिले की गुडघे विसरतात. तळटीप, दुरुस्ती, विधेयक, सभासद, मंत्री, एकेक पायरी मी लावून दिली तशी. मंत्र्यांचा परिच्छेद पूर्ण वाचला. दुसरा भाग मुद्दाम हळू वाचला. समोरचे वकील मान वर करून बघायला लागले. त्यांच्याकडं हे पान नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर दिसलं.

मग ते उठले आणि दुसराच भाग धरला. साहजिक.

तहसीलदारबाई लक्ष देऊन ऐकत होत्या. हे कुठून मिळालं, विचारलं. नि.सां.नी माझ्याकडं हात केला. मी उभी राहिले. साइट सांगितली, खंड सांगितला, पान सांगितलं. 'राव'ची गोष्ट सांगावीशी वाटली, सांगितली नाही. पहिल्या सभागृहाचं एक पान साइटवर नाही आणि मूळ मागवलंय, हेही सांगितलं.

पाच घरांचा निर्णय राखून. दोन घरांसाठी: जुना आदेश अभिलेख कक्षातून शोधून सादर करा, पुढची तारीख सोळा एप्रिल. तोपर्यंत जैसे थे. कुंपण नाही, खोदकाम नाही.

दादा मागच्या बाकावर होता. आलाय ते मला माहीतच नव्हतं. बाहेर आले तोवर गेला होता.

गुरुवार, ५ मार्च

अभिलेख कक्षात अर्ज दिला. अर्जदारांची नावं, गाव, सर्व्हे नंबर, अंदाजे काळ. इथं साइट नाही. लाल कापडातली गाठोडी आहेत. अर्ज घेणारे गृहस्थ म्हणाले, गाव सांगितलंत हे बरं, गावानं लावलंय.

मला ह्यातही पायऱ्या दिसायला लागल्यात. आधी नोंदवही, मग गाठोडं, मग फाइल. काढीन.

मंगळवार, १७ मार्च

नोंदवहीत नोंद सापडली. बाबांचं नाव, नानांच्या वडिलांचं नाव, टेपाचा नंबर. शेवटच्या रकान्यात एकच शब्द, नामंजूर. कारण नाही. फाइलचा क्रमांक आहे.

बाबांचं नाव दुसऱ्याच्या अक्षरात बघून जरा बसून घेतलं.

गाठोडं काढायला मंगळवारी या म्हणाले. पुढच्या.

मंगळवार, २४ मार्च

गाठोडं दुसऱ्या खोलीत हलवलंय, रंगकाम चाललंय. एकतीसला या.

नि.सां.ना सांगितलं. म्हणाले, "सोळा लांब आहे." त्यांनी सोळा लांब आहे म्हटलं की मला सोळा जवळ वाटते.

रविवार, २९ मार्च

सकाळी दादाचा फोन. दीड महिन्यानं.

"आज राब भाजायचा हाय. येतंस?"

पहिली गाडी धरली.

सातही घरांचे राब तयार. खाली शेण, त्यावर कवळ, वर पातेरा आणि गवत, त्यावर माती. आदल्या दिवशी दादानं नि.सां.ना स्वतःहून फोन केला होता, भाजलं तर चालंल का म्हणून. नि.सा. म्हणाले, जैसे थे म्हणजे दरवर्षी होतं ते यंदाही व्हायला पाहिजे.

वारा पडल्यावर लावलं. पाच घरांची माणसं आमच्या आणि नानांच्या राबाशीही उभी होती, डहाळ्या घेऊन, कडेनं आग बाहेर जाऊ नये म्हणून. नानांना धूर सहन होत नाही, तरी हटत नव्हते.

संध्याकाळच्या गाडीला दादा फाट्यावर सोडायला आला. गाडीला वेळ होता.

"पाच घरांचं नक्की ना?"

"नक्की काहीच नाही. पण बरं दिसतंय."

"नि आपलं?"

"परवा गाठोडं निघेल. त्यात बाबांची फाइल असली, आणि कारण लिहिलेलं असलं, तर कळेल. चांगलंही निघेल, वाईटही निघेल. वाईट निघालं तर तेही द्यावं लागेल, दादा."

गाडीचे दिवे वळणावर दिसले. दादानं पिशवी माझ्या हातात दिली, हात झटकले. काळे झाले होते.

"मंग शोध," म्हणाला.